पिवळ्या फ्रॉकची चमकी

आई नातीचे, ऋतिकाचे फ्रॉक शिवायची आणि शेजारच्या तय्यबाखाला त्यांवर चमकी लावून द्यायच्या. फ्रॉक चमचमत परत आला की आई त्यांच्यासमोरच अर्धी चमकी उसवायला घ्यायची.

"लेकरू बालवाडीत चाललंय गं, हळदीत नाचायला न्हाय!"

"मग राहनाळच्या गोदामातली गोणीच घाल ना तिला, कमळा!" खाला म्हणायच्या.

दरवेळी हेच भांडण, आणि मग चहा.

आई गेली तेव्हा ऋतिकाचा पिवळा फ्रॉक शिवून तयार होता, फक्त चमकी राहिली होती. आईच्या हातचा तो शेवटचा. वाढदिवस जवळ आला, तसा मी तो घाबरतच खालांकडे दिला. जास्तीची चमकी उसवायला त्या फ्रॉकला कात्री लावणं मला जमलं नसतं.

फ्रॉक परत आला. गळ्याभोवती चमकीची एकच बारीक ओळ होती, आईने ठेवली असती तेवढीच.

"खाला, या वेळी एवढीच?"

 

"कमळा अर्धी उसवणार हे ठाऊक असायचं, पोरी, म्हणून तर मी दुप्पट लावायची."