शंभरपैकी ब्याण्णव

लाखात एखाद्याला होणारा कॅन्सर नेमका टेलर मास्तरांच्या उजव्या अंगठ्याला झाला. इस्पितळाने अंगठा कापून, दुर्मीळ म्हणून बरणीत जपून ठेवला. सहा महिन्यांनी संशोधक बाई आजारानंतरचं जगणं किती सुसह्य आहे ते मोजायचा फॉर्म घेऊन बसल्या. “काका, जिना चढता येतो?” “येतो.” “दम लागतो?” “नाही.” मास्तर तडकले. “बाई, सुई धरता येत नाही, दुकानाला कुलूप लागलंय. ते कुठे लिहिताय?” “तसा रकाना नाही. तुमच्या आजाराचे पेशंट मोजकेच, म्हणून फुप्फुसवाल्यांचाच फॉर्म वापरतो.” “दुसऱ्याच्या मापाचा सदरा मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात कधी मारला नाही.” बाईंनी मान न उचलता बेरीज केली. “शंभरपैकी ब्याण्णव. छान. इथे सही करा.” मास्तरांच्या चार बोटांतून पेन घसरलं. बाईंनी सवयीने शाईचा पॅड सरकवला. “अंगठाही चालेल.” मास्तरांनी पॅड परत ढकलला. “तुमच्याच बरणीत आहे. उठवून आणा.”