करपला

हरेशच्या ढालीवर तलवार आदळली आणि ढालीची पुन्हा टोपली झाली. मुळात ती टोपलीच होती. म्हाताऱ्या बाईजाने तिला आतून बांबूच्या कांबीची मूठ बांधून वरून काळं कापड शिवून दिलं होतं. मावळे झालेल्या गावच्या पोरांच्या हातात पत्र्याच्या तलवारी होत्या. गनीम झालेल्या मुरबाडच्या पथकाने मात्र ट्रकच्या कमानीच्या पाट्यांतून तलवारी घडवून आणल्या होत्या. धार नव्हती, पण वजन खरं होतं, आणि ते हाडाला कळत होतं.

कापणी झालेल्या खाचरात खोट्या लढाईची धूळ उडत होती. मागे माहुलीचे सुळके, बांधावर माणसं, माणसांच्या हातात मोबाइल. ताशा अंगात आल्यासारखा वाजत होता. बाईजा पाण्याच्या पिंपाशी उभी होती. ज्यांनी मरून पडायचं ठरलं होतं, त्यांच्या अंगरख्याखाली तिनेच सकाळी भरून दिलेली पिशवी होती: गुळाचा पाक आणि लाल रंग. पोरगा पडला, पिशवी दाबली, की लोक हळहळायचे आणि माश्या धावायच्या.

सकाळी ते रक्त बघून मुरबाडचा म्होरक्या शेखर याने तोंड वाकडं केलं होतं. "गुळाचं रक्त, टोपलीची ढाल. आजी, लोकांना खोटं लगेच कळतं."

मग हरेशने त्याला आपल्या पथकाचा खुणेचा शब्द सांगितला, तेव्हा तर तो मोठ्याने हसला. लढाईत सगळेच 'मेलो', 'थांब', 'वाचवा' म्हणून ओरडतात; म्हणून कुणाला खरोखर लागलं तर गावची पोरं 'करपला' म्हणत. पहिली तालीम बाईजाच्या खळ्यात झाली होती. चुलीवरचा भात लागला तशी ती आतून ओरडली, "करपला रे, करपला!" आणि दोन्ही फौजा तलवारी टाकून चुलीकडे पळाल्या होत्या. तेव्हापासून तो शब्द. ऐकला, की जिथे असाल तिथे हत्यार खाली.

"गनीम अंगावर येतोय, आन् मावळा म्हणतो करपला?" शेखर म्हणाला. "लढाई हाय ही. लग्नाची पंगत नाय."

"पंगतीतबी हात भाजतो, बाला," बाईजा म्हणाली.

"आमचा एकच नियम, आजी. आपला हात उचलतोय तवर मारायचं."

आता तसंच चाललं होतं. एकाचं नाक फुटलं. त्याने ते बाहीला पुसलं आणि पुन्हा धावला. एका गनिमाला दोघांनी पाडून ढेकळात घोळसलं. शेखर भाला घेऊन बाईजाच्या नातवावर, किशोरवर, चालून आला. ठरल्याप्रमाणे त्याने भाला ढालीवर मारायचा होता. त्याने मारला, तोही जीव खाऊन. बांबूचा दांडा मधोमध चिरफळून तुटला, पुढचा तुकडा ढालीवरून खाली घसरला आणि किशोरच्या मांडीत गेला. हातातलं थोटूक फेकून शेखर तलवार उपसत पुढच्या माणसाकडे वळलासुद्धा.

बाकीचे हात पसरून, ओरडून, लोकांकडे तोंड करून पडत होते. किशोर नुसता खाली बसला. त्याने मांडीकडे बघितलं आणि तो ओशाळला, दुसऱ्याच्या घरात आपल्या हातून काही फुटावं तसा.

बाईजाने ते तोंड ओळखलं. ती नवी नवरी असताना बांधाच्या भांडणात धाकट्या दिराच्या पोटात कोयता गेला होता. तोही असाच ओशाळून खाली बसला होता. परत उठला नव्हता.

किशोरचे ओठ हलले. ताशात काही ऐकू आलं नाही.

"करपला!" बाईजा ओरडली. "करपला रे! करपला!"

बांधावर हशा पिकला. "म्हातारीला भूक लागली," कुणीतरी म्हणालं.

पण खाचरात गावच्या साऱ्या पोरांनी हात खाली केले. समोर तलवार उगारलेली असताना केले. मुरबाडकरांच्या तलवारी तशाच अंगावर उतरल्या. हरेशचा एक खांदा लोंबलेला बाईजाला पिंपापासूनही दिसला. दुसऱ्याच्या कानावर तलवार बसली, तो गुडघ्यावर आला. कुणीच हत्यार परत उचललं नाही. आपणच आपली पोरं उघडी पाडली, हे बाईजाला कळलं. तिने लुगडं खोचलं आणि ती धावत सुटली.

ती पोचेस्तोवर पोरांनी किशोरभोवती कडं केलं होतं. तोंडं आत, पाठी बाहेर. पाठींवर वार पडत होते. वार पडला की कडं हलायचं आणि पुन्हा मिटायचं. बांधावर टाळ्यांचा कडकडाट झाला. "याला म्हणतात खरी लढाई!"

बाईजा त्या पाठींमधून आत घुसली. हरेशने एका हाताने डोक्याचं मुंडासं ओढून दिलं. तिने ते मांडीच्या वर करकचून आवळलं. कापड बघता बघता भिजलं.

"आजी, माजा आवाजच निघाला नाय गो," किशोर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मी वरडले ना. गप."

कडं फोडून शेखर आत आला. तलवार वर, तोंडभर हसू. "आजी, तुमीपण? काय भारी करताय! आता वाटतंय खरं."

बाईजाने त्याचा मोकळा हात मनगटाला धरून खाली खेचला, बोटं किशोरच्या मांडीवर दाबली आणि वर करून त्याच्याच तोंडापाशी नेली.

"गूळ हाय का मीठ, चाखून बघ."

त्याने चाखलं.

तलवार हातातून सुटून ढेकळांवर पडली. तो आपल्या पोरांकडे वळला. पहिल्यांदा त्याच्याही घशातून आवाज निघेना. मग निघाला, घसा फाटेस्तोवर निघाला.

"करपला! करपला रे! करपला!"

बांधावर पुन्हा हशा पिकला.