नऊच्या आत

अनसूयाबाईंच्या अंगणात सकाळी बांबूचे सतरा कोंब उभे होते, सगळे शेजारच्या भिकाजीच्या बेटातून जमिनीखालून आलेले. प्रयोगशाळेतला हा बांबू एका रात्रीत गुडघ्याएवढा होतो. नऊ वाजता उपग्रह फोटो काढतो आणि बांबू ज्याचा, त्याच्या सातबाऱ्यावर ती जागा चढते. असला कायदा करणाऱ्यांच्या दारात कधी कोंब येत नाही.

बाई रोज नऊच्या आत कोंब छाटायच्या. आज पाय प्लास्टरमध्ये होता. साडेआठला भिकाजी कोयता घेऊन कुंपण ओलांडून आला.

"राखण करायला आलास?" बाई अंगणातल्या खाटेवरून कडाडल्या. "घे अंगण. मलाही गाड तिथंच."

"वैनी, पाय वर घ्या, कोयता लागेल," म्हणत त्यानं पहिला कोंब बुडातून छाटला.

"अरे, तुझी जमीन वाढत होती."

"असल्या जमिनीचं अन्न माझ्या घशाखाली उतरेल का?"

नऊला पाच कमी असताना शेवटचा कोंब पडला.

"तुझ्या जागी मी असते ना," बाई म्हणाल्या, "तर घरात बसून नऊची वाट बघितली असती."

"ठाऊक आहे. चहाचा डबा कुठंय?"

बाईंनी फळीकडं बोट केलं आणि तो वळल्यावर त्याच्या पाठीला हात जोडले.