खालून कापलेला फोटो

बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फोटोवाल्याने चहा निवायच्या आत पुसून टाकली. मग ओघळलेले गाल जरा वर उचलले, कपाळावरची आठी काढली आणि फोटो सासूबाईंना पाठवून दिला.

हे त्याचं रोजचंच काम. टकलाला केस, नवरीला उजळपणा, आजोबांना दात. गिऱ्हाईक आहे तसं दाखवलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल, असं तो हसत हसत सांगायचा. मुलगी झाल्यापासून दर आठवड्याला तो मायलेकींचा एक फोटो काढायचा आणि तोही असाच धुऊनपुसून धाडायचा. सासूबाई लांब राहतात, उगाच जिवाला घोर कशाला. त्याच्या मनात खोट अशी काही नव्हती.

दुकान खाली, घर वर. बायको जिना उतरून आली. दुपार कलायला आली होती, पण तिच्या अंगावर रात्रीचाच गाऊन होता, तोही उलटा.

"झोपली का?" त्याने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"झोपली. आता दुकान बंद कर ना जरा. वर चल. मला तिच्याजवळ एकटीला भीती वाटते."

"भीती? अगं, चावायला दात तरी आलेत का तिला?"

"तिची नाही वाटत."

हे त्याने ऐकलं, पण डोक्यात शिरायच्या आत फोन वाजला. सासूबाई. हात कामात अडकले होते म्हणून त्याने स्पीकर लावला.

"अगंबाई, काय तजेला आलाय गं माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर!" सासूबाईंचा आवाज दुकानभर झाला. "मी बॅग भरायलाच घेतली होती. पण आजचा फोटो बघितला आणि म्हटलं, ही तर मस्त सावरली. आता घरातलं आवरूनच येते सावकाश."

"आई, तू ये ना," बायको म्हणाली. "आत्ताच ये."

"येते गं. पहिलटकरणीला असं हळवं व्हायला होतंच. आम्ही नाही का वाढवलं तुम्हाला? आणि फोटोत दिसतंय की मला सगळं!"

फोन बंद झाला. बायको टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हे पाठवतोस तू तिला?"

"जमलंय ना?" कारागिराला कौतुकाची हाव असतेच. त्याने बोट नेऊन दाखवलं. "हे हसू तर बघ. फोटो काढताना तू काही केल्या हसेनास. मग जुन्या फोटोतले ओठ उचलून आणले. सांधा कुठे दिसतोय का, सांग."

तिने खरोखरच वाकून, डोळे बारीक करून सांधा शोधला.

"नाही दिसत," ती म्हणाली. "छान आहे ही. हिलाच सांग मुलीला सांभाळायला."

ती जिना चढून गेली. तो हसला. बऱ्याच दिवसांनी बायकोने विनोद केला, असं त्याला वाटलं. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं. तिची नाही वाटत, म्हणाली. मग कुणाची?

त्याने मूळ फोटो उघडला. एवढे महिने हा चेहरा तो पडद्यावर मोठा मोठा करून बघत आला होता, पण कुठे काय पुसायचं एवढंच त्यात बघत होता. आता पुसण्यासारखं काही शोधलं नाही, नुसतं बघितलं. मग नजर खाली गेली. फोटो तो नेहमी खालून कापायचा, कारण हात नीट आलेले नसायचे. हात आलेच नव्हते. मुलगी आईच्या मांडीवर उशीला टेकवलेली होती, आणि आईने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालून घट्ट दाबून धरले होते.

त्याने मागचा फोटो काढला. त्यातही तसंच. त्याच्या मागचा. तसंच. मुलीला मांडीवर ठेवायचा तो, उचलायचाही तोच. आई दमलीय, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

आजचा फोटो त्याने होता तसा, हातही न लावता, सासूबाईंना पाठवला. खाली लिहिलं, 'हा खरा आहे. लगेच निघा.'

वर मुलगी रडायला लागली होती. वर तिची आई आहे, घेईल, असं रोज त्याच्या मनात यायचं. आजही सवयीने आलं, आणि त्या विचारानेच तो खुर्ची पाडून उठला. जिन्यात खिशातला फोन वाजू लागला. त्याने तो काढलाही नाही. रडणं थांबत नव्हतं, आणि ते थांबू नये असंच त्याला पायरीपायरीला वाटत होतं.

बायको वरच्या पायरीवर बसली होती, खोलीच्या दाराला पाठ लावून. दाराला बाहेरून कडी होती. आत मुलगी टाहो फोडत होती.

"अगं, कडी का लावलीस?"

"मी आत जाऊ नये म्हणून," ती म्हणाली आणि वाट द्यायला भिंतीकडे सरकली. "आलास ना? मग उघड आता."