जादू आली की पुठ्ठा

चेटकिणीने काठी उचलली आणि पडद्यावर एकदम सगळं काळं झालं. आवाज मात्र चालू होता.

चर्चच्या हॉलमध्ये बसलेल्या चौदा मुलांनी एकसाथ उसासा टाकला. मुलं ज्यांना पुठ्ठाकाका म्हणायची, त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगापुढे पुठ्ठा धरला होता. जादू आली की पुठ्ठा, असा चर्चच्या समितीचा नियम होता, आणि समितीचे अध्यक्ष तेच. जन्मभर रेल्वेत टीसी होते. निवृत्त झाले, डबे सुटले, तपासणी काही सुटली नाही.

आज ते नुसता पुठ्ठा धरायला आले नव्हते. "ड्रॅगन काय, चेटकिणी काय! बायबलच्या वर्गात हे कशाला? आज पाचला वर्ग सुटला, की कायमचा बंद," असं त्यांनी वर्ग घेणाऱ्या बाईंना दारातच ऐकवलं होतं. सिनेमा दाखवून बायबल शिकवायचा बाईंचा हा वर्ग दोन वर्षं चालू होता. रविवारच्या प्रार्थनेला जांभया देणारी पोरं शनिवारी अर्धा तास आधी येऊन बसायची. बाईंना सकाळपासून घास गेला नव्हता.

सिनेमातल्या एका शिकाऊ जादूगाराने अदृश्य होण्याच्या टोपीपायी गडाचा दरवाजा शत्रूला उघडून दिला होता. राजाने त्याला ड्रॅगनपुढे टाकायचा हुकूम दिला. तेवढ्यात गडाचा म्हातारा पहारेकरी पुढे झाला. "याच्या जागी मी जातो," म्हणाला. ड्रॅगनने जबडा उघडला मात्र, पुन्हा पुठ्ठा.

मुलं अंधारात कान टवकारून बसली.

"गेला म्हातारा," मागून कोणीतरी हळहळलं.

"येईल परत. तिसऱ्या दिवशी," पुढच्या रांगेतली वेणीवाली म्हणाली.

"तुला काय माहीत? आधी पाहिलायस का?" काकांनी दरडावलं.

"नाही. गेल्या रविवारी तुम्हीच वाचलंत की, येशू तिसऱ्या दिवशी उठला."

हॉलमध्ये हशा पिकला. बाईंनी तोंडाशी रुमाल धरला. पण पोरीचं बरोबर की चूक हे तपासल्याशिवाय काकांना चैन पडेना. त्यांनी पुठ्ठा बोटभर सरकवला. मग वीतभर. मग तो मांडीवर ठेवून स्वतःच खुर्ची पुढे ओढून बसले. म्हातारा धुरातून चालत बाहेर आला तेव्हा पहिली टाळी त्यांचीच पडली.

शेवटी गडावर मेजवानी होती. फितूर पोरगा बाहेर थंडीत उभा होता. म्हाताऱ्याने उठून दार उघडलं आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं. सिनेमा संपला, बाईंनी दिवे लावले.

"हे काही आपल्याला पटलं नाही," काका म्हणाले. "फितुराला जेवायला बसवायचं? चाळीस वर्षांत मी एकालाही विनातिकीट बसू दिलं नाही."

"पण त्याचं तिकीट म्हाताऱ्याने काढलं होतं ना," वेणीवाली म्हणाली.

"आणि उद्या त्याने पुन्हा दरवाजा उघडून दिला तर?"

"पेत्राने तर येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं होतं," मागचा मुलगा उठून उभा राहिला. "त्याला येशूने परत कसं घेतलं मग?"

त्यावर सगळेच एकदम बोलायला लागले. काका एकटे विरुद्ध चौदा जण. पाच कधीच वाजून गेले. आईबाप दाराशी येऊन ताटकळले, तर काकांनी त्यांनाच हाताने थांबायची खूण केली. बाईंना इतका आनंद झाला होता की प्रोजेक्टरची वायर गुंडाळायची त्या विसरूनच गेल्या.

जाता जाता वेणीवाली काकांसमोर थांबली.

"काका, म्हाताऱ्याच्या जागी तुम्ही असता, तर उघडलं असतं दार?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असं उभ्या उभ्या नाही सांगता येत," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी सांगतो."