शेजारची जुबेदा

चौथा दिवस उजाडला तरी हेमांगीला पुरेसं दूध येत नव्हतं. लेक दोन मिनिटं ओढायची आणि रडायची. सासूबाई अळिवाची खीर घेऊन आल्या, तेव्हा बोलणी खायच्या तयारीनं तिनं मान खाली घातली.

सासूबाई शेजारी बसल्या. "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मलाही आठवडाभर दूध नव्हतं. शेजारच्या जुबेदानं त्याला पाजलं. आजवर कुणाला सांगितलं नाही मी."

"मग तुम्हाला कसं आलं?"

"पाजायच्या आधी दर वेळी ती त्याला माझ्याच छातीशी लावायची. धीर आला, तसं दूधही आलं."

हेमांगीचे खांदे सैल झाले. तिनं लेकीला जवळ घेतलं. थोड्या वेळानं घोट गिळल्याचा आवाज आला. मग दुसरा, तिसरा.

"पितेय गं," सासूबाई म्हणाल्या.