दसऱ्याचा मान

दसऱ्याला सिद्रामने पापडाच्या यंत्राला झेंडूची माळ घातली. पूर्वी हा मान कारखान्यातल्या प्रेसचा असायचा. त्या प्रेसने त्याची दोन बोटं नेली, आणि दुखापतीची रजा संपवून तो परत गेला तर त्याच्या जागी दुसराच माणूस! पण बायकोने त्याला घरी कुढत बसू दिलं नाही. आता दोघांचे पापड अख्ख्या पेठेत जात होते, आणि गडी कामात रमला होता.

तेवढ्यात आपट्याची पानं घेऊन इरण्णा दारात आला. प्रेसवरचा जोडीदार. दांडा ओढण्याआधी "हात?" असं विचारायचं आणि "मोकळा!" ऐकूनच ओढायचा, ही तिथली रीत. अपघाताच्या दिवशी घाईत इरण्णाने विचारलंच नव्हतं. त्यानंतर आज प्रथमच तो ही पायरी चढत होता.

सोनं घेऊन सिद्राम म्हणाला, "बस. धर हा दांडा."

"मी? नको रे बाबा!"

"धर की लेका." सिद्रामने त्याच अधू हाताने पिठाची गोळी यंत्रात ठेवली, आणि हात तिथेच राहू दिला.

इरण्णाने दांडा धरला. "हात?"

हात उचलून सिद्राम गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "मोकळा!"